पाचवी ते आठवीचे गणित व आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून दहावी-बारावीच्या यशस्वी विद्यार्थ्यांचा श्रीफळ व पारितोषिक देऊन गौरव केला जातो. हा उपक्रम स्तुत्य आहे. परंतु ज्यांची नावे या यादीत कधीच येत नाहीत, त्यांचे काय, हा प्रश्न आम्हांस नेहमी सतावतो. अनेक वर्षे शाळेत खडू झिजविल्यानंतर आमची अशी खात्री झाली आहे की, यांपैकी पुष्कळांचा पाय दहावीत घसरलेला नसतो. तो सहावी-सातवीत, अपूर्णांकाच्या पायरीवरच घसरलेला असतो. म्हणून आज त्या पायरीविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे शिकलो नाही; तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता अनुभवाचे बोल म्हणून ते ऐकावेत.

चौथीपर्यंतचे गणित बहुतांशी मोजण्याचे असते. मणी मोजावेत, मिळवावेत, वजा करावेत, पाढे म्हणावेत. पाचवीपासून मात्र एका वस्तूचे दुसरीशी असलेले नाते ओळखण्याचे गणित सुरू होते. आठवी संपेपर्यंत मुलास व्यवहारी व दशांश अपूर्णांकांच्या चारही क्रिया याव्यात, गुणोत्तर, प्रमाण व शेकडेवारी समजावी, नफा-तोटा, सूट व व्याज काढता यावे, ऋण संख्या उमगाव्यात, परिमिती व क्षेत्रफळ यांतील भेद कळावा, आणि अज्ञात संख्येऐवजी अक्षर मांडून समीकरण सोडविता यावे, एवढी अपेक्षा असते. यांतील त्रैराशिक तर फार जुने. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त ते आहे, आणि शेकडेवारीची बहुतेक उदाहरणे आजही त्याच रीतीने सुटतात.

हे ज्ञान आपल्या समाजाला परके आहे काय? मुळीच नाही. आपला परंपरागत धंदा शिवणकामाचा. अडतीस इंच छातीचा चौथा भाग साडेनऊ, हे आपले वाडवडील कागदाविना सांगत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी त्यांना तोंडपाठ असे. सोळा आण्यांचा रुपया जाऊन १ एप्रिल १९५७ पासून शंभर नव्या पैशांचा रुपया आला, त्यानंतर मीटर आणि किलोग्रॅम आले. तरी त्यांचा हिशेब अडला नाही. कारण पाव म्हणजे किती, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. आज मुलगा १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ अशी लिहितो. दोन पंचमांश हे अर्ध्याहून कमी आहेत. अर्ध्यात काही मिळविल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी येईलच कसे, ही शंकाच त्याला येत नाही. खरी उणीव ती येथे आहे.

या संदर्भात आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगितल्यावाचून राहवत नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात आम्ही उदाहरण घातले होते : वीस मीटरांच्या ताग्यातून ०.८ मीटरचा एक याप्रमाणे किती ब्लाउजपीस निघतील? बहुतेकांनी गुणाकार करून सोळा हे उत्तर लिहिले. भागाकाराने संख्या लहानच होते, असा पूर्णांकांच्या अभ्यासातून झालेला त्यांचा समज होता. एकाहून लहान संख्येने भागले असता उत्तर वाढते, हे त्यांच्या ध्यानी आले नव्हते. एका मुलीने मात्र रीत न मांडता नुसते पंचवीस लिहिले. तिने शेजारणीचे पाहिले असावे, असे आम्ही गृहीत धरले. वास्तविक शेजारणीचे उत्तर सोळा होते. एवढे पाहण्याचे कष्टही आम्ही घेतले नाहीत. तिला शून्य गुण दिले, तासभर उभे केले आणि पालकसभेत तिच्या वडिलांना 'मुलीला गणितात गती नाही' असे सांगून मोकळे झालो. पुढील वर्षी ती शाळेत आली नाही. 'गुरुजीच तसे म्हणाले' असे सांगून वडिलांनी तिला मशीनवर बसविले.

गेल्या दिवाळीनंतर ती आपल्या सहावीतील लेकीला घेऊन आमच्या घरी आली. आता ती नगावर ब्लाउज शिवून संसार चालविते. आम्ही ओशाळून त्या उदाहरणाची आठवण काढली. ती म्हणाली, "चार मीटरांत पाच बसतात, हे मला वडिलांच्या दुकानात बसून ठाऊक होतं, गुरुजी. मग विसात पाचपट. तुम्ही विचारलंत कुठं?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. जाताना एवढेच म्हणाली, "हिला मात्र विचारत जा."

बंधू-भगिनींनो, आमच्या आजच्या भाषणाचे सार त्या एका वाक्यात आहे. मुलाचे उत्तर चुकले तरी विचारा, बरोबर आले तरी विचारा : "कसे केलेस, बाळ?" जो मूल सांगू शकतो त्याला गणित आले; ज्याला सांगता येत नाही त्याचे कोठे अडले आहे, ते सांगतानाच उघड होते. दुसरे, उदाहरण करण्यापूर्वी उत्तराचा अंदाज बांधावयास लावा आणि केल्यावर ताळा पाहावयास लावा. दुकानावर 'वीस टक्के सूट, त्यावर आणखी दहा टक्के' अशी पाटी दिसली, तर हजार रुपयांचे कापड कितीस पडेल, हे मुलाला विचारा. तो सातशे म्हणेल. आठशे रुपयांवर दहा टक्के सूट मिळून सातशे वीस होतात, हे त्याच्याकडूनच काढून घ्या. मोबाईल गुणाकार करून देतो. पण आलेले उत्तर पटण्याजोगे आहे की नाही, हे ओळखण्याची सवय मुलाला स्वतःलाच लागली पाहिजे. तिसरे, 'आमच्या घराण्यात कोणालाच गणित येत नाही' हे वाक्य मुलांदेखत, विशेषतः मुलींदेखत, कदापि उच्चारू नका. आमच्या एका वाक्याने काय झाले, ते आपण ऐकलेच.

ही काळजी आपल्याच घरापुरती आहे, असे नाही. 'असर'च्या २०२४ सालच्या पाहणीत ग्रामीण भारतातील आठवीच्या शंभर मुलांपैकी सुमारे ४६ जणांनाच तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता आले. आज घरी गेल्यावर आपल्या मुलाला ८७५ भागिले ७ एवढे उदाहरण घालून पाहावे. अडला तर रागावू नये. आपण वेळेवर पाहिले, याचे समाधान मानावे.

शेवटी मंडळाला एक नम्र विनंती. दर रविवारी सकाळी दोन तास हे सभागृह पाचवी ते आठवीच्या मुलामुलींसाठी खुले करावे. शिकविण्याचे काम आम्ही विनावेतन करू. फळा व खडू मंडळाने द्यावा. वर्गात जितके मुलगे तितक्या मुली असाव्यात, ही आमची एकच अट आहे. आणि पुढील वर्षी एखादे पारितोषिक अशा मुलासाठी वा मुलीसाठी ठेवावे, की जे याच व्यासपीठावर उभे राहून एक उदाहरण आपल्याला समजावून सांगेल. गुण कितीही असोत.

त्या सहावीतील मुलीचे नाव आम्ही वर्गाच्या यादीत पहिले लिहिले आहे. आपणही आपल्या मुलांची नावे द्यावीत, अशी प्रार्थना करून आपली रजा घेतो.