सही करण्याआधी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितलं, "सभागृहाच्या एसीचं काम तुम्ही जवळून पाहिलंत, त्यावर दहा मिनिटं बोला." मी बँकेतला माणूस, सगळी नोकरी लेजर आणि व्हाउचरमध्ये गेली. यंत्रातलं मला फार कळतं असा दावा नाही. पण नवीन व्यवस्था ताब्यात घेताना काय तपासायचं, हे बँकेने शिकवलं. तेवढ्यापुरतं बोलतो.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. आपल्या सभागृहाला अकरा-अकरा टनांची दोन मशिनं आहेत. छतातल्या डक्टमधून हवा येते. स्टेजच्या बाजूच्या भिंतीवर जी पाटीएवढी पेटी दिसते, तो कंट्रोलर. तापमान किती, दमटपणा किती, हे सेन्सरकडून समजून घ्यायचं आणि पंखा, कॉम्प्रेसर, बाहेरची ताजी हवा आत घेणारी झडप यांना हुकूम सोडायचे, हे त्याचं काम. एका मशीनने भागत असेल तर तो दुसरं चालू करत नाही. आज पहिल्याची पाळी, उद्या दुसऱ्याची, म्हणजे झीज सारखी होते.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या वॉरेन जॉन्सन या प्राध्यापकाने 1883 साली खोलीतल्या विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. आणि 'एअर कंडिशनिंग' हा शब्द तर कापडगिरणीच्या धंद्यातून आला. स्टुअर्ट क्रॅमर या इंजिनिअरने तो 1906 साली वापरात आणला. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून गिरणीत हवा दमट ठेवावी लागते. लालबाग-परळकरांना हे सांगायला नको. साचेखात्यातली ती घामट हवा आपल्यापैकी काहींनी स्वतः सोसली आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमात 15 वं कलम याच विषयावर होतं. हवा दमट करायला वापरायचं पाणी सार्वजनिक पुरवठ्याचं किंवा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतातलं हवं, नाहीतर शुद्ध केलेलं हवं, असं त्यात लिहिलं होतं. गिरणीतली हवा सुताच्या सोयीची होती. माणसाच्या सोयीची थंड हवा कुलाब्याला, 1933 साली उघडलेल्या रीगल सिनेमात, तिकीट काढून मिळायची.

आता आपल्या कामाकडे येतो. मशिनं बसली, कंट्रोलर बसला, हवा गार येऊ लागली. गणपती तोंडावर आले होते. ठेकेदाराने काम पूर्ण झाल्याचा कागद पुढे केला आणि शेवटच्या हप्त्याचा चेक मागितला. काही सभासदही म्हणाले, "अहो, गार होतंय ना? मग करा सही." मी म्हटलं, गार होतंय म्हणजे मशीन चालतंय. कंट्रोलर चालतोय की नाही, ते अजून कुठे पाहिलंय? बँकेत संगणक आले तेव्हा पहिल्या दिवशी लेजर बंद केली नव्हती. काही काळ दोन्ही समांतर चालवली, रोज आकडे जुळवले, आणि मग जुनं बंद केलं. इथेही तेच करायचं ठरवलं. वर्क ऑर्डरमध्ये दहा टक्के रक्कम चाचणीनंतर द्यायची अट होती, तिचा उपयोग झाला.

कमिशनिंगला आलेला मुलगा हुशार होता. घाई वरच्यांना होती, त्याला नव्हती. त्याने एक गोष्ट नीट समजावली. सुरुवात स्विच दाबून होत नाही, आदल्या दिवशीच होते. कॉम्प्रेसरच्या तळाशी छोटा हीटर असतो, त्याला आधी कित्येक तास वीज द्यावी लागते, नाहीतर तेलात मिसळलेला गॅस सुरू होताना घात करतो. मग तीन फेजचा क्रम बघायचा. क्रम उलटा असेल तर या प्रकारचा कॉम्प्रेसर उलटा फिरतो आणि खराब होतो.

त्यानंतर एकेक वायर. कंट्रोलरवरून 'पंखा एक' म्हटलं की खरोखर पंखा एकच फिरतो का, हे एकाने गच्चीवर आणि एकाने खाली उभं राहून मोबाइलवर बोलत तपासलं. इथे आपल्या बी विंगमधले अण्णा मदतीला आले. गिरणीच्या दमट हवेच्या प्लँटवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यांनी घरून ओल्या-सुक्या काट्याचा जुना थर्मामीटर आणला. एका काट्याला ओलं फडकं असतं. दोन्ही काट्यांतला फरक जितका कमी, तितकी हवा दमट. अण्णांनी तो खुर्च्यांच्या मध्ये धरला. सुका काटा 27 म्हणत होता आणि कंट्रोलर 23. सेन्सर चांगला होता, पण बसवला होता गार हवेच्या जाळीच्या बरोबर खाली. म्हणजे लोक उकडून निघाले असते आणि कंट्रोलर समजला असता, झालं काम, कॉम्प्रेसर बंद. तो सेन्सर समोरच्या भिंतीवर, ऊन आणि दार दोन्ही टाळून, डोक्याच्या उंचीवर नेला.

दुसरी गोष्ट हीटिंगची. असे कंट्रोलर थंड मुलखांसाठीही बनतात, त्यामुळे त्यात गरम करण्याचीही सोय असते. मुंबईत ती नको, आणि आपली मशिनं फक्त गार करणारी आहेत. ती सोय सेटिंगमध्ये बंद करून घेतली. तापमान 24 वर ठेवलं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 1 जानेवारी 2020 पासून घरगुती एसीसाठी सुरुवातीचं सेटिंग हेच ठरवून दिलं आहे, आणि तापमान एक अंशाने वाढवलं तर सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं तेच सांगतात. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर काही मिनिटं पुन्हा सुरू होऊ नये, वीज जाऊन आली तर दोन्ही मशिनं एकदम सुरू होऊ नयेत, हेही मेन स्विच पाडून पाहिलं.

आता सर्वांत महत्त्वाचं. आगीची सूचना झाली की पंखे ताबडतोब थांबले पाहिजेत. नाहीतर एका कोपऱ्यातला धूर डक्टमधून सगळ्या सभागृहात पसरतो. मी म्हटलं, फायर अलार्म वाजवा. भोंगा वाजला. सगळ्यांनी वर पाहिलं. पंखे चालूच! पेटी उघडली. फायर पॅनलची वायर पेटीपर्यंत आलेली होती, पण तिच्या टोकाला टेप गुंडाळलेली. आणि जिथे ती जोडायची, तिथे तारेचा छोटा तुकडा लावून ठेवलेला. काम चालू असताना मशीन मध्येच बंद पडू नये म्हणून कुणीतरी तात्पुरतं केलेलं, आणि नंतर विसरलेलं. अर्ध्या तासात दुरुस्त झालं. पुन्हा भोंगा, पंखे थांबले. तिसऱ्यांदा पुन्हा करून पाहिलं.

मंडळी, त्या गणपतीत या सभागृहात दीडशे माणसं आरतीला उभी होती. पुढे लहान मुलं, खुर्च्यांवर आजी-आजोबा, निरांजनं पेटलेली. गार हवेवर भुलून सही केली असती, तर ती टेप कुणालाच दिसली नसती. ती वायर खर्चाची नव्हती, अवघडही नव्हती. फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं.

चेक त्यानंतर दिला. देण्याआधी तीन गोष्टी घेतल्या: प्रत्येक वायरचा नंबर असलेला नकाशा, सगळ्या सेटिंगची छापील प्रत, आणि कंट्रोलरचा मुख्य पासवर्ड. पासवर्ड ठेकेदाराच्या माणसाच्या डोक्यात राहिला आणि तो माणूस नोकरी सोडून गेला, की सोसायटीचा कंट्रोलर सोसायटीचा राहत नाही. बँकेत तिजोरीची दुसरी किल्ली दुसरीकडे ठेवतात, तसा तो सीलबंद पाकिटात, अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सहीने कपाटात ठेवला आहे.

समितीला दोनच विनंत्या करतो. एप्रिलमध्ये एकदा आणि गणपतीआधी एकदा फायर अलार्म वाजवून पंखे थांबतात का, ते बघा आणि रजिस्टरमध्ये तारीख टाकून दोघांनी सही करा. आणि पेटी कुणीही उघडली, तर काय बदललं ते त्याच दिवशी लिहून घ्या. हे काम म्हाताऱ्यांवर सोडू नका. आपल्या इमारतीत इंजिनिअर मुलं-मुली भरपूर आहेत. एखाद्या रविवारी अण्णांबरोबर गच्चीवर या. तो ओल्या-सुक्या काट्याचा थर्मामीटर त्यांनी आता सोसायटीच्या कपाटात ठेवला आहे. तो कसा वाचायचा, ते शिकून घ्या.

 पंचवीस वर्षं ज्यांनी ही इमारत सांभाळली त्या सर्वांना नमस्कार. जय हिंद, जय महाराष्ट्र.