चाक त्याचे, बैल तिचे

(कामतघर, भिवंडी येथील महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

'कुंभाराची सून कधी तरी उकिरड्यावर येणारच' ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आव्यासाठी केरकचरा गोळा करणे हे सुनेचे काम, एवढे म्हणीलाही ठाऊक आहे. पण ती तिला चाकापाशी नेत नाही. बहुतेक कुंभारवाड्यांत बाईने चाक फिरवायचे नाही, असाच रिवाज चालत आला.

मग तिच्या वाट्याला आले ते चाकाशिवाय घडणारे काम. पोळ्याचे बैल, दिवाळीच्या किल्ल्यावरचे वाघ, मुलांचे हत्ती-घोडे. माती चाळायची, भिजवायची, मळायची. गोळा तळहातावर लांबट करून त्यातूनच चार पाय, वशिंड, शिंगे चिमटीने ओढून काढायची. अंगात ओल राहिली तर आव्यात वाफ कोंडते आणि बैल फुटतो. म्हणून सावलीत सावकाश वाळवायचे. हे सारे तिच्या बोटांना कळते. आणि घरात विचारले, तर उत्तर येते, "ती काय, जरा मदत करते."

ही कला किरकोळ नाही. पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे मातीची बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि मातीचा बैल एकत्र मिळाला. दोघांनाही भोक आहे. काडी घातली की ती बैलावर बसते. हे काम तीन हजार वर्षांहून जुने आहे, आणि हातानेच घडवलेले.

आता आजचे पाहू. २०२३ साली केंद्र सरकारने कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा व्यवसायांत कुंभार आहे, पारंपरिक खेळणी करणाराही आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, पाच टक्के व्याजाने तीन लाखांपर्यंत कर्ज. पण नियम असा, की एका कुटुंबातून एकाचीच नोंदणी. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. चाक त्याचे आणि बैल तिचे असलेल्या घरात नाव कुणाचे लागेल, हे मी सांगायला नको. योजनेत स्त्रीला मनाई नाही. पण एकच जागा असली की ती कर्त्या पुरुषाची, हे घर आधीच ठरवून बसलेले असते.

तुम्ही म्हणाल, मागांच्या गावात कुंभारणीची गोष्ट कशाला? कारण माग चालवणारा कामगार ठरतो आणि घरात कांड्या भरणारी 'मदत करते'. शब्द तोच आहे.

तेव्हा दोन गोष्टी करू या. नोंदणी कुटुंबाची नको, काम करणाऱ्या प्रत्येक हाताची हवी, ही मागणी लावून धरू. आणि तोवर, अर्ज भरण्याआधी घरातच विचारू, "यातले माझे काम कोणते, आणि त्याचे पैसे कुणाच्या हातात येतात?"