सर्वांसाठी आरोग्यसेवा : थायलंडच्या अनुभवाचा अर्थ



देश आधी श्रीमंत व्हावा, मग सर्वांना आरोग्यसेवा मिळेल, हा युक्तिवाद सत्ताधारी वर्ग नेहमीच पुढे करीत आला आहे. थायलंडने तो खोटा ठरविला. १९९७ च्या आर्थिक अरिष्टाने तो देश खिळखिळा झाला होता. तरीही २००२ साली तेथील सर्व नागरिकांना आरोग्यसेवेचा हक्क कायद्याने मिळाला. हे कोणत्या क्रमाने घडले, ते समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम दवाखाने आणि माणसे उभी राहिली. १९७२ पासून नव्या डॉक्टरांवर तीन वर्षांच्या सरकारी सेवेचे बंधन आले. १९८२ ते १९८६ या काळात शहरी रुग्णालयांवरील नवी भांडवली गुंतवणूक रोखून तो पैसा ग्रामीण रुग्णालयांकडे वळविण्यात आला.

त्यानंतर प्रश्न आला पैशाचा. गरिबांसाठी, सरकारी नोकरांसाठी, संघटित कामगारांसाठी वेगवेगळ्या योजना होत्या. तरीही २००१ साली सुमारे ३० टक्के जनता त्यांच्या बाहेर होती. शेतकरी आणि असंघटित मजुरांकडून विम्याचे हप्ते गोळा करण्याचा खटाटोप सोडून सरकारने करांच्या उत्पन्नातून हा खर्च उचलला. रुग्णाने दर खेपेस द्यायचे फक्त ३० बाट; गरिबांना तेही माफ.

तिसरा प्रश्न नफेखोरीला लगाम घालण्याचा. बाह्यरुग्ण सेवेसाठी नोंदलेल्या माणसामागे ठराविक रक्कम देण्यात आली. त्यामुळे अनावश्यक तपासण्या करून बिल फुगविण्यात रुग्णालयाला लाभ उरला नाही. २००६ साली पेटंटधारक कंपनीच्या संमतीविना एड्सवरील औषधासाठी सक्तीचा परवाना काढण्यात आला आणि भारतात बनलेले स्वस्त औषध तेथील रुग्णांपर्यंत पोहोचले.

हे सारे वरून बहाल झालेले नाही. ग्रामीण डॉक्टरांनी वर्षानुवर्षे पाया घातला होता. जनसंघटनांनी पन्नास हजारांहून अधिक सह्या गोळा करून आरोग्य हक्काचे विधेयक पुढे रेटले होते. उणिवाही आहेत. सरकारी नोकरांची योजना वेगळीच राहिली आणि तिच्यावर माणशी अधिक खर्च होतो. खाजगी रुग्णालये सरकारी डॉक्टरांना ओढून नेतात.

भारतात १९४६ सालीच भोर समितीने सांगितले होते की, पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारापासून वंचित राहता कामा नये. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत विमा योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. मधुमेहाची रोजची गोळी किंवा मुलाच्या तापावरचे औषध त्या विम्यात बसत नाही.

म्हणून लढ्याचा क्रमही स्पष्ट आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील किती पदे रिक्त आहेत, कोणती औषधे मिळत नाहीत, याची यादी प्रत्येक शाखेने करावी, ती गावसभेत वाचावी आणि जिल्हा परिषदेपुढे ठेवावी. दवाखान्यात डॉक्टर आणि औषध नसेल, तर हातातले कार्ड निरुपयोगी आहे.