वेळासच्या वाळूवर



ताडोबा आणि पेंचचे किस्से आपण नागपूरकर एकमेकांना खूप ऐकवतो. मला आज पाच मिनिटे मिळाली आहेत, तर मी समुद्राकडचे सांगतो.

मार्च महिन्यात आम्ही दोघे आणि आमची मुलगी वेळासला गेलो होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले हे गाव, नाना फडणवीसांचे. राहायला गावकऱ्यांचेच घर, जेवायला त्यांच्याच पडवीत पंगत. सावजी रश्श्याची सवय असलेल्या आमच्या जिभांना दोन दिवस सोलकढीने गार ठेवले.

इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. मादी रात्री वाळूत खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूने तो बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लांसाठी ती थांबत नाही. पूर्वी ही अंडी माणसे पळवायची, नाहीतर कोल्ही-कुत्री खायची. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन संरक्षणाचे काम सुरू केले. सापडलेली अंडी कुंपणाच्या आत, तशाच खड्ड्यात पुरून ठेवतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वाळूतून वर येतात.

आम्ही दोरीच्या अलीकडे उभे होतो. कार्यकर्त्यांनी पिल्ले पाण्यापासून काही पावलांवर वाळूत ठेवली. तळहाताहूनही लहान! एखादे उलटे पडायचे, एखादे लाटेने मागे फेकले जायचे. मुलीला राहवेना. ती म्हणाली, “दादा, इतके दिवस राखण केली, मग उचलून पाण्यातच का नाही सोडत?”

तो म्हणाला, “चालू दे त्यांना. हा किनारा त्यांच्या ध्यानात राहायला हवा.”

मोठी झालेली मादी जन्मलेल्या किनाऱ्याच्या परिसरातच अंडी घालायला परतते. त्या पहिल्या चालण्यातून किनाऱ्याची ओळख पटत असावी, असे मानतात. समुद्रात पुढे काय होईल याची हमी कोणीच देत नाही. हजारातले एखादेच पिल्लू मोठे होते, असे जाणकार सांगतात.

मुलगी जूनमध्ये नोकरीसाठी बंगळुरूला जाणार होती. घर शोधून देणे, गॅस, भांडीकुंडी या सगळ्यासाठी मी पंधरा दिवसांची रजा ठरवली होती. परत आल्यावर ती तीन दिवसांची केली. हिने विचारले, “पुरतील?” मुलगीच म्हणाली, “पुरतील, आई.”

सर, तुम्ही भूमितीचे रायडर फळ्यावर अर्धेच सोडवायचात आणि खडू आमच्या हातात द्यायचात. तेव्हा राग यायचा. आज या सभागृहात बसलेल्या सगळ्यांच्या वतीने त्या खडूबद्दल आभार मानतो.

पुढच्या मार्चमध्ये आपल्या बॅचने वेळासला जावे, असे मला वाटते. पिल्ले दिसतीलच असे नाही, आणि पहाटे उठावे लागेल. नावे चहाच्या वेळी माझ्याकडे द्या.