गल्लीपुरतं गटार

शहराची हद्द संपते पण घरं संपत नाहीत, अशा वस्त्यांच्या सांडपाण्याविषयी आज बोलायचं आहे. उदाहरण कराचीचं घेतो. तिकडच्या बातम्या आपल्या कानावर वेगळ्याच कारणांनी येतात. पण गरिबांच्या वस्तीत गटार कसं बांधलं जातं हे समजून घ्यायचं, तर ओरंगीला टाळून चालत नाही.

ओरंगी ही कराचीच्या वायव्येला टेकड्यांच्या उतारावर पसरलेली वस्ती. 1965 च्या सुमारास ती वसू लागली आणि 1971 नंतर बांगलादेशातून आलेल्या बिहारी निर्वासितांमुळे झपाट्याने वाढली. दलालाकडून प्लॉट घ्यायचा, सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती उभ्या करायच्या. घर ज्याचं त्याने बांधलं, पण संडासाचं पाणी कुठे न्यायचं? कुठे टोपलीचे संडास, कुठे शोषखड्डे. आणि खड्डा भरला की सगळं गल्लीत.

1980 साली तिथे अख्तर हमीद खान आले. मूळचे आग्र्याचे, इंग्रजांच्या काळात आयसीएसची नोकरी सोडून दिलेले, पुढे आजच्या बांगलादेशातल्या कोमिल्ला इथल्या ग्रामविकासाच्या कामामुळे नावाजलेले. वय पासष्टीच्या घरात. तयार योजना बरोबर नव्हती. ते गल्ल्यांतून हिंडले, लोकांशी बोलत राहिले. लोकांचं म्हणणं एकच: गटार सरकारने बांधून द्यावं, तेही फुकट. सरकार काही येत नव्हतं.

खानसाहेबांनी मग हिशेब गल्लीपर्यंत खाली आणला. अख्ख्या वस्तीची एकी होणं कठीण; पण एका गल्लीतली 20-30 घरं एकमेकांना ओळखतात, भांडतात आणि वेळ आली तर वर्गणीही काढतात. गल्लीने आपल्यातलाच एक प्रमुख निवडायचा, त्याने पैसे जमवायचे, सामान आणायचं. खानसाहेबांच्या संस्थेचं, म्हणजे ओरंगी पायलट प्रोजेक्टचं काम मोजणी करून नकाशा आणि खर्चाचा अंदाज देण्याचं, अवजारं पुरवण्याचं. पैसा मात्र एक दमडीही द्यायचा नाही. ही अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ज्याने पैसे घातलेत तो पाइप बसवणाऱ्याच्या डोक्यावर उभा राहतो.

काम पहिल्याच झटक्यात जमलं असं नाही. काही ठिकाणी उतार चुकला. काँक्रीटचा माल कच्चा कालवला गेला, वर पाणी मारायचं राहिलं आणि चेंबर फुटली. मग संस्थेने मालाचं प्रमाण ठरवलं, चेंबरसाठी लोखंडी साचे करून भाडं न घेता वापरायला दिले, गवंड्यांना शिकवलं. संडास आणि गल्लीतलं गटार यांच्यामध्ये एक लहानशी हौदी ठेवली, म्हणजे गाळ तिथेच बसतो आणि पाइप तुंबत नाही. सुरुवातीच्या वर्षांत संडासासकट घरटी खर्च आला साधारण 1,000 रुपये. सरकारी दर याच्या कितीतरी पट होता. मधली तफावत कुठे जात होती? ठेकेदाराचा नफा, टक्केवारी आणि गरजेपेक्षा जड आराखडे. हे ऐकताना आपल्याला फारसं परकं वाटत नाही.

पण इथेच एक धोका आहे. गल्लीने गटार बांधलं याचं कौतुक करता करता सरकार स्वतःची सुटका करून घेतं. ओरंगीवाल्यांनी वाटणी स्पष्ट मांडली होती: घरातला संडास, गल्लीतलं गटार आणि त्यांना जोडणारी उपवाहिनी लोकांची, मुख्य वाहिनी आणि पाण्याची शुद्धी सरकारची. संस्थेतल्या परवीन रहमान या वास्तुविशारद बाईंनी तरुण मुलांना हाताशी धरून वस्त्यांचे आणि नाल्यांचे नकाशे तयार केले. कुठे काय आधीच बांधलेलं आहे हे कागदावर आल्यामुळे, कराचीतल्याच कोरंगी या दुसऱ्या भागाच्या सांडपाण्यासाठी परदेशी कर्ज घेऊन आखलेल्या मोठ्या प्रकल्पाऐवजी स्वस्त पर्याय मांडता आला, आणि 1999 मध्ये ते कर्ज रद्द झालं. परवीनबाई जमिनी आणि पाणी यांच्याही नोंदी ठेवत होत्या, आणि ते तिथे धोक्याचं होतं. 13 मार्च 2013 रोजी परवीन रहमान यांचा गोळ्या घालून खून झाला.

सरकारच्या वाट्याचं काम मात्र रखडलं. गल्ल्या कोरड्या झाल्या, पण पाणी नाल्यातून ल्यारी नदीत आणि तिथून बहुतांशी तसंच समुद्रात. खरं तर वस्तीच्या टोकालाच पाणी शुद्ध करता येतं: गाळ बसवण्याची टाकी, आडव्या भिंती घालून कप्पे केलेली झाकलेली टाकी, पुढे खडीत लावलेली पाणवनस्पती. उतार नीट साधला तर मोटरही लागत नाही. पण जागा लागते, आणि काही वर्षांनी गाळ उपसावाच लागतो. बांधणारे पुष्कळ मिळतात, उपसणारा कोण हे आधी लिहून ठेवलेलं नसतं.

आपल्याकडे वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी नेमकं हेच, गाळ उपसण्याचं टोक धरलं. सेप्टिक टाकी तुंबल्यावर घरमालकाने टँकर बोलवायचा, ही जुनी पद्धत सोडून भागाभागाने ठरावीक वर्षांनी टाक्या रिकाम्या करण्याचं वेळापत्रक लावलं, आणि गाळ आणून टाकायला प्रक्रिया केंद्र उभं केलं. त्यामुळे टँकरने आपला माल जवळच्या ओढ्यात सोडण्याचं कारणच उरत नाही. हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतींतल्या वाढीव वस्त्यांना मात्र हे वेळापत्रक कोण लावणार, हे अजून बहुतेक ठिकाणी ठरलेलं नाही.