खिडकीतील मांजर



आज आपणांसमोर आम्ही एकाच चित्राविषयी बोलणार आहोत. जपानी चित्रकार हिरोशिगे याने आयुष्याच्या अखेरीस एदो शहराची, म्हणजे आजच्या टोकियोची, शंभराहून अधिक दृश्ये रेखाटली. त्यांतील हे १८५७ सालचे चित्र.

वरवर पाहता त्यात काहीच घडत नाही. गजांच्या खिडकीत एक पांढरे मांजर बाहेर पाहत बसले आहे. शेजारी पंचा आणि पाण्याचे भांडे. बाहेर भातखाचरे, त्यांपलीकडे माणसांची लांबच लांब रांग आणि सांजवेळच्या आकाशात फुजी पर्वत.

अशी चित्रे एकट्याच्या हातची नसत. चित्रकाराचे रेखाटन चेरीच्या लाकडाच्या फळीवर चिकटवून एक कारागीर रेषा कोरी. रंगांसाठी निरनिराळे ठसे कोरले जात. दुसरा कारागीर ठशावर कागद ठेवून, पाठीमागून घासून, एकेक रंग उतरवी. आकाशाचा रंग अलगद विरत जातो, ते त्याच्याच हाताचे कसब.

आता खिडकीच्या आत पाहू. जमिनीवर केसांत खोवावयाचे काटे पडले आहेत. त्यांची घडण दाताळ्यासारखी. बाहेरची रांग आहे कोंबड्याच्या दिवशी भरणाऱ्या जत्रेची. भाग्य ओढून आणणारे म्हणून लोक तेथे दाताळे विकत घेत. तेथूनच कोणी ही भेट आणली असावी. आणि ही खोली आहे योशिवारा या गणिकांच्या वस्तीतील.

हे कळताच चित्रातील शांतता निराळी भासू लागते. त्या वस्तीतील कितीतरी स्त्रिया घरच्या दारिद्र्यापायी लहानपणीच विकल्या गेलेल्या. स्वेच्छेने वेशीबाहेर पाऊल टाकण्याची त्यांना मुभा नव्हती. ती स्त्री चित्रात कोठेच दिसत नाही. तिच्या जागी मांजर पाहत आहे.

दूरच्या उत्सवाकडे डोळे लागणे आपणां परप्रांती राहणाऱ्यांस नवे नाही. गणेशचतुर्थीला आपलेही मन असेच खिडकीशी जाऊन बसते. म्हणून हे चित्र चटकन आपलेसे वाटते; परंतु तेवढ्यावर थांबणे बरे नव्हे. आपण गाडीचे तिकीट काढून गावी जाऊ शकतो. तिच्यासाठी समोरची वाट मोकळी नव्हती. हिरोशिगेने तिचे अश्रू रंगविले नाहीत. काही काटे जमिनीवर ठेवले आणि उरलेले पाहणाऱ्यावर सोपविले.

शांत चित्रापुढे घाई करू नये, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे. दिसते ते मनसोक्त पाहावे. आणि जे माणूस दिसत नाही, त्याचीही विचारपूस करावी.