जिज्ञासा आणि गृहधर्म



सांखवाळचे धर्मानंद कोसंबी यांचे नाव आपणांस परके नाही. जन्म १८७६ चा. ‘बालबोध’ मासिकातून बुद्धचरित्र वाचनात आले आणि माडांच्या बागाइतीत त्यांचे मन रमेनासे झाले. १८९९ साली पत्नी बाळाबाई व तान्ही कन्या यांस मागे ठेवून ते ज्ञानार्थ निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे करीत १९०२ त सिंहलद्वीपी श्रामणेर झाले.

या त्यागाची स्तुती सर्वत्र होते, आणि ती यथार्थच आहे. परंतु मागे राहून जिने लेकरू वाढविले, तिच्या त्यागास काय म्हणावे? प्रश्न कोसंबींस उणेपणा आणण्यासाठी नव्हे. त्यांनीच १९०६ त चीवर उतरवून पुन्हा संसार पत्करला. पुढे सयाजीराव महाराजांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांत समाधान मानून बुद्धाची शिकवण मराठीत आणली. (आजच्या उमेदवारांस हा आकडा ऐकवू नये हेच बरे!) सत्याचा शोध आणि घरची माणसे यांची सांगड घालताना त्यांची ओढाताण झाली नसेल असे कोण म्हणेल?

१९०७ त जन्मलेले त्यांचे पुत्र दामोदर गणिती व इतिहासकार म्हणून जगन्मान्य झाले. पितापुत्रांची नावे आपण अभिमानाने घेतो. बाळाबाईंचे नाव मात्र फार थोड्यांस ठाऊक असते.